मोतीबिंदू आणि मानसशास्त्र

मंडळी, गेले दोन-अडीच महिने वीकेंडला काहीच लिहिलं नाही. रिलीज होतं, गणपती होते, पाऊस होता... कारणं भरपूर. खरं कारण एवढंच की एकच विषय डोक्यात घोळत होता आणि तो माझा नव्हता. ज्या व्यक्तीचा होता तिने परवा "लिही, पण माझं नाव टाकू नकोस" असं सांगितलं, म्हणून आज बसलोय. पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

जुलै २०२५ मधला शनिवार. ऐरोलीहून निघून, कळंबोलीला एसटी पकडून पेणला पोचेपर्यंत दुपार झालेली. जेवायला मावशीकडे. बाहेर आमच्या पेणचा नेहमीचा पाऊस, म्हणजे छत्री हा निव्वळ विनोद. आळीत सगळीकडे गणपतीचे कारखाने जोरात, ओल्या मातीचा आणि रंगाचा वास. अशा पावसात जेवायला काय, तर तांदळाची भाकरी आणि कांद्यावर परतलेली सुकट. मावशीने तवा ठेवला, सुकट टाकली, घरभर तो वास पसरला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आणि माझी मावसबहीण ताटावरून उठली, मागच्या दारी गेली आणि भर पावसात तशीच उभी राहिली.

"मुंबईला गेल्यापासून नाक वर झालंय हिचं," मावशी म्हणाली. "आधी सुकटीवर तुटून पडायची."

मी मागे गेलो. तिचे हात थरथरत होते. चेहरा पांढराफटक. मला बघून म्हणाली, "दादा, आईला सांगू नकोस. पाच मिनिटांत जातं हे."

थोडी पार्श्वभूमी. ही मुलगी मुंबईत एम.ए. करतेय, क्लिनिकल सायकॉलॉजीमध्ये. दुसरं वर्ष. आमच्या अख्ख्या खानदानात इंजिनियर मिळतील, बँकवाले मिळतील, मिठागरवाले मिळतील, पण मानसशास्त्र शिकणारी ही पहिलीच. आणि जुलै २०२३ मध्ये, ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, पोयनाडहून वडखळला येणाऱ्या मिनिडोरला एका डंपरने मागून उडवलं होतं. हिच्या शेजारी बसलेल्या बाई जागच्या जागी गेल्या. त्यांच्या मांडीवर सुकटीची पिशवी होती. हिला खरचटलंसुद्धा नाही.

"खरचटलंसुद्धा नाही" हे वाक्य त्या पावसाळ्यात आमच्या घरी किमान शंभर वेळा बोललं गेलं. देवाची कृपा म्हणून नारळ फोडला. मावशीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, "पोरीने धसका घेतलाय" म्हणून एका भगताकडेही नेऊन आणलं. आठवड्याभरात, १९ जुलैच्या रात्री, पलीकडे खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली ती राहिलीच. त्यानंतर आमच्या घरात हिच्या अपघाताचं नावही कोणी काढलं नाही. तिकडे अख्खी वाडी गाडली गेली, तू काय घेऊन बसलीस? असं कोणी तोंडावर म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती. ती स्वतःच स्वतःला म्हणत होती.

आमच्या जिल्ह्याचं हे एक विचित्रच आहे. १९८९ चा जांभूळपाड्याचा पूर, २००५ साली महाड तालुक्यात जुई, दासगाव इथे कोसळलेल्या दरडी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा वाहून गेलेला पूल, २२ जुलै २०२१ चं तळिये. प्रत्येक पावसाळ्याला कुठलं तरी नाव चिकटलेलं. एवढे आघात बघितलेल्या जिल्ह्यात छोट्या आघाताला बोलायला जागाच उरत नाही. दुःखाचीही मेरिट लिस्ट लागते, आणि आपलं नाव वेटिंगवर.

तर त्या दुपारी मागच्या दारी उभं राहून तिने मला जे सांगितलं ते ऐकून मला आधी हसू आलं आणि मग माझीच लाज वाटली. म्हणाली, "दादा, मी माझं डायग्नोसिस केलंय. डीएसएम-५ उघडून, क्रायटेरिया ए पासून एच पर्यंत, पेन्सिलने टिक करत." आणि बोटांवर मोजायला लागली. नको असताना तो क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, सुकटीच्या वासाने, एअर ब्रेकच्या फुस्स आवाजाने. त्या रस्त्याने जाणं टाळणं. "मी वाचले आणि त्या गेल्या, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं" असं ठाम वाटणं. झोप नाही, दचकणं, सतत सावध. महिन्यापेक्षा जास्त. कामावर परिणाम. "सगळे गट पूर्ण होतात रे. ट्रॉमाच्या पेपरला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मलाच होते."

ती दोन वर्षं वडखळच्या रस्त्याने गेलेली नव्हती. अलिबागला मैत्रिणीच्या लग्नाला आजारी असल्याचं सांगून गेली नाही. पेणहून मुंबईला जाताना दिवा-रोहा गाडीच पकडायची, ती चुकली तर घरी परत. आम्ही सगळे समजत होतो की पोरीला ट्रेन आवडते.

मी विचारलं, "मग तू कोणाकडे गेली का नाहीस? तुझ्या आजूबाजूला तर सगळे तेच आहेत."

"म्हणूनच," ती म्हणाली.

हे "म्हणूनच" माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तीन गोष्टी बाहेर आल्या.

पहिली. तिच्या कॉलेजात समुपदेशक आहेत, नाही असं नाही. पण ज्या मॅडम समुपदेशन करतात त्याच तिच्या प्रॅक्टिकमचे मार्क देतात. म्हणजे सोमवारी त्यांच्यासमोर रडायचं आणि गुरुवारी त्यांनी "क्लायंटसमोर भावनिक स्थैर्य : दहापैकी किती" हे भरायचं. तुम्ही गेला असतात?

दुसरी. वर्गात एका सरांनी सहज बोलता बोलता सांगितलेलं, "ज्यांचे स्वतःचे प्रश्न सुटलेले नाहीत त्यांनी या क्षेत्रात येऊ नये." सर वाईट नाहीत, त्यांना पेशंटची काळजी असेल. पण चाळीस मुलांच्या वर्गात ते वाक्य नेमकं कोणाच्या जिव्हारी लागलं हे त्यांना कधीच कळणार नाही.

तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. पुढच्या सत्रात तिला इंटर्नशिप करायची होती, तीही हॉस्पिटलात, जिथे अपघाताचे पेशंट येतात. त्याच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता : तुम्ही कधी मानसिक आजारासाठी उपचार घेतले आहेत का? हो / नाही. तिचा हिशोब सरळ होता. उपचार घेतलेच नाहीत तर "नाही" लिहिताना खोटं बोलावं लागत नाही. थोडक्यात, खरं बोलता यावं म्हणून ती आजारी राहिली होती! आणि तेही जमेनासं झालं म्हणून कोर्सच सोडून द्यायचा विचार चालला होता. फी परत मिळेल का हेसुद्धा विचारून झालं होतं.

आता मी काही मानसशास्त्रातला तज्ज्ञ नाही. मी जावामध्ये बिलिंगचा कोड लिहितो. पण मला हे सरळसरळ उलटं वाटलं, आणि या पोस्टमध्ये मला तेच म्हणायचंय : मानसशास्त्र शिकणाऱ्याने स्वतः उपचार घेणं ही त्याच्या पात्रतेवरची शंका नाही, ती पात्रतेचा भाग आहे. आणि ज्या व्यवस्थेत त्याला ते लपवावं लागतं, ती व्यवस्था पुढे त्याच्याकडे येणाऱ्या पेशंटशीच बेइमानी करते.

आमच्या आळीत एक कारखानदार काका आहेत. त्यांच्या कारखान्यात साचे, जोडणी, रंग, सगळं इतर कारागीर करतात, पण डोळ्यांची आखणी काका स्वतः करतात. चाळीस वर्षं. मूर्ती सुंदर की सामान्य हे त्या दोन डोळ्यांवर ठरतं. चार-पाच वर्षांपूर्वी काकांना मोतीबिंदू झाला. आखणीत बुबुळ किंचित सरकायला लागलं. पहिल्यांदा कळलं ते त्यांनाच. पनवेलला जाऊन ऑपरेशन केलं, एक सीझन पुतण्याने आखणी केली, पुढच्या वर्षी काका परत पाटावर. तेव्हा आळीतल्या एकाही माणसाने असं म्हटलं नाही की "देवाचे डोळे काढता आणि स्वतःचे नीट ठेवता आले नाहीत?" उलट सगळे म्हणाले, बरं झालं वेळेत केलंत.

पण मावशीला (शेवटी तिला सांगावंच लागलं) कळल्यावर तिचं पहिलं वाक्य काय? "अगं, तू तर तेच शिकतेस ना? मग तुझं तू बरं कर की."

मी काकांचा दाखला दिला. मावशी गप्प झाली. पटलं की नाही माहीत नाही, पण गप्प झाली हेही आमच्याकडे विक्रमीच.

गंमत म्हणजे या क्षेत्राच्या जुन्या लोकांना हे चांगलंच माहीत होतं. मनोविश्लेषण शिकवणाऱ्या बर्लिनच्या संस्थेत १९२० च्या दशकातच नियम झाला की शिकाऊ विश्लेषकाने आधी स्वतःचं विश्लेषण करून घ्यायचं. फ्रॉइडने तर १९३७ मध्ये लिहून ठेवलं की दर पाचेक वर्षांनी विश्लेषकाने पुन्हा खुर्चीवरून कोचावर जावं. फ्रॉइडच्या बाकीच्या गोष्टी पटोत न पटोत, हे सर्व्हिसिंगचं शेड्युल मला पटलं.

अल्बर्ट एलिस तर आपल्या मराठी वाचकांना ओळखीचा. किशोर फडक्यांनी त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे रुजवली. हा एलिस एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचा. मग एका महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बागेत जाऊन शंभर अनोळखी बायकांशी बोलला. एकीने भेटायचं कबूल केलं, ती आलीच नाही. पण भीती गेली, आणि ती कशी जाते हे त्याला कळलं. पुढे त्याने जे शिकवलं त्याचा पाया हा अनुभव होता.

आणि मार्शा लिनहान. स्वतःला इजा करणाऱ्या, कोणालाच दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी डीबीटी नावाची उपचारपद्धती तिने तयार केली. २०११ मध्ये, साठी उलटून गेल्यावर, तिने जाहीरपणे सांगितलं की १९६१ मध्ये ती स्वतः कोवळ्या वयात हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होती. जाहीर सांगितलं ते त्याच रुग्णालयात जाऊन. के रेडफिल्ड जेमिसन ही बायपोलर आजारातली तज्ज्ञ. आपल्याला तोच आजार आहे हे तिने १९९५ मध्ये पुस्तक लिहूनच सांगितलं. दोघींनीही बोलण्याआधी किती वर्षं घालवली बघा. नोकरी पक्की, नाव मोठं, मग सत्य. तेवीस वर्षांच्या, पेणहून आलेल्या मुलीकडे यातलं काहीच नसतं.

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही, म्हणून नीट बघू.

एक आक्षेप असा की ही मुलं पुस्तक वाचतात आणि त्यांना सगळेच आजार आपल्याला झाल्यासारखे वाटतात. हे खरंच होतं. जेरोम के. जेरोमच्या १८८९ च्या 'थ्री मेन इन अ बोट'मधला नायक ब्रिटिश म्युझियममध्ये वैद्यकाचं पुस्तक उघडतो आणि त्याला एक सोडून सगळे रोग निघतात. पण मग स्वतः पेन्सिलने केलेल्या टिका खऱ्या की खोट्या हे ठरवणार कोण? त्रयस्थ माणूसच ना? म्हणजे हा आक्षेप थेरपिस्टकडे न जाण्याचा नाही, जाण्याचाच मुद्दा आहे. शिवाय नुसत्या पुस्तकी आजाराने कोणी दोन वर्षं दिवा-रोहा गाडीचं वेळापत्रक पाठ करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. ज्याला स्वतःलाच आघाताचा त्रास आहे तो पेशंटचं नुकसान नाही का करणार? करू शकतो. पेशंट अपघाताबद्दल बोलायला लागला आणि थेरपिस्ट नकळत विषय बदलायला लागला, तर पेशंट काय शिकणार? की हा विषय एवढा भयंकर आहे की डॉक्टरसुद्धा घाबरतात. किंवा उलट, थेरपिस्ट स्वतःचीच कहाणी पेशंटमध्ये बघायला लागेल. त्यामुळे सरांच्या वाक्यात तथ्य आहे, फक्त ते अर्धं आहे. "प्रश्न असलेल्यांनी येऊ नये" असं म्हटलं की प्रश्न असलेले यायचे थांबत नाहीत. ते सांगायचे थांबतात. आणि उपचार न घेतलेला, गप्प बसलेला थेरपिस्ट हा सगळ्यात धोकादायक प्रकार. आपण ऑफिसात स्वतःचा कोड स्वतः रिव्ह्यू करून मर्ज करत नाही, ते कोणी अपमान म्हणून घेत नाही. बग आहे असं सांगणाऱ्याला काढून टाकायला लागलो तर बग कमी होत नाहीत, फक्त बगची नोंद होणं थांबतं.

कोडवरून आठवलं. टाळाटाळ म्हणजे काय हे बहिणीने मला समजावलं तेव्हा मला थेट रिकामा कॅच ब्लॉक आठवला. एरर येते, आपण ती पकडतो, तिचं काहीच करत नाही, प्रोग्रॅम पुढे चालतो. सगळं छान वाटतं. तसंच, रस्ता टाळला की भीती लगेच उतरते, आणि मेंदू शिकतो की टाळल्यामुळेच आपण वाचलो. पुढच्या वेळी टाळायची ओढ आणखी वाढते. भीती कमी व्हायची संधीच मिळत नाही, कारण "तिथे गेलो आणि काही झालं नाही" हा अनुभवच मेंदूला मिळत नाही.

एक स्पष्ट करतो. आघातातून गेलेल्या प्रत्येकाला थेरपी लागतेच असं अजिबात नाही. बहुतेक माणसं काही आठवड्यांत, महिन्यांत आपापली सावरतात, घरच्यांच्या आधाराने. अपघात झाल्या झाल्या माणसाला बसवून "सांग सगळं, मोकळी हो" असा आग्रह करणंही उपयोगाचं नाही, आता तज्ज्ञच तसं नको म्हणतात. पण महिना-दोन महिने उलटले, लक्षणं तशीच आहेत, आयुष्य आक्रसत चाललंय, तर मात्र हा स्वभाव नाही, नखरा नाही आणि नाक वर होणंही नाही. याला नाव आहे, १९८० पासून निदानाच्या अधिकृत यादीत आहे, आणि मुख्य म्हणजे यावर चालणारे उपचार आहेत.

मग पुढे काय झालं? ऑगस्टमध्ये तिने तिच्या कॉलेजशी काडीचाही संबंध नसलेली एक थेरपिस्ट शोधली. फी हा प्रश्न होताच. आम्ही चौकशी केली तेव्हा एका सेशनला दीड-दोन हजार हे सर्रास होतं, विद्यार्थ्याला परवडणारं नाही. शेवटी विद्यार्थ्यांना सवलत देणारी एक मिळाली, उरलेलं मी भरतो. (हे ती नको लिहू म्हणाली होती, पण पैशाचा मुद्दा लपवला तर पोस्ट खोटी होईल.) पद्धत आहे प्रोलाँग्ड एक्सपोजर, एडना फोआ या मानसशास्त्रज्ञाने विकसित केलेली. साधारण आठ ते पंधरा सेशन, प्रत्येक तास-दीड तासाचं. त्यात ती घटना डोळे मिटून, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगायची असते. त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. आणि ज्या गोष्टी टाळतो त्यांची यादी करून, शून्य ते शंभर भीतीचे मार्क देऊन, मधल्या पायरीपासून एकेक चढत जायचं. पहिले तीन आठवडे वाईट गेले. झोप आणखी बिघडली, एकदा तर "दादा, मी सोडते" असा रात्री मेसेज आला. सोडलं नाही.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी दोन वर्षं कोणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी मी तिला पोयनाडला आणायला जाणार होतो. बाईकवरून. माझा एक कॉल लांबला, प्रॉडक्शनमध्ये काहीतरी बोंबललं होतं, काय ते आता आठवतसुद्धा नाही. मी तिला फोन करून म्हणालो, "मिनिडोरने वडखळपर्यंत ये, नाक्यावरून घेतो." नाक्यावर मी उभा होतो. ती आली नाही.

तेव्हापासून मी तिच्याशी अपघाताचा विषय काढला नव्हता. मी समजत होतो तिला त्रास होऊ नये म्हणून. आता कळतं, माझाही रिकामा कॅच ब्लॉकच होता.

असो. आता मुद्द्याचं, म्हणजे काय बदलायला हवं. मागण्या फार मोठ्या नाहीत.

पहिलं, जो मार्क देतो त्याने उपचार करू नयेत. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नीतिसंहितेत ७.०५ क्रमांकाचं कलम हेच सांगतं : अभ्यासक्रमात थेरपी सक्तीची असेल तर ती विभागाबाहेरच्या माणसाकडून घ्यायची मुभा हवी, आणि मूल्यमापन करणाऱ्या शिक्षकाने ती थेरपी देऊ नये. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्देश दिले की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवाच. उत्तम. पण मानसशास्त्र विभागाच्या मुलांसाठी तो एक माणूस त्यांचा परीक्षकच निघाला, तर निर्देश पाळूनही उपयोग शून्य. बाहेरच्या चार-पाच थेरपिस्टची यादी आणि ठरावीक सेशनची फी, एवढं कॉलेजला अशक्य नाही.

दुसरं, फॉर्मवरचा तो प्रश्न. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्यात उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क आहे (कलम २३), आणि पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आज माणूस आजारी ठरत नाही हेही लिहिलंय (कलम ३). मग "कधी उपचार घेतलेत का" हे विचारून कळतं काय? विचारायचंच तर हे विचारा : हे काम करताना तुम्हाला काही मदत किंवा बदल लागेल का? या प्रश्नाला माणूस खरं उत्तर देईल.

तिसरं, काकांनी जसा एक सीझन पुतण्याला दिला तशी सोय. एखाद्या विद्यार्थ्याला सध्या अपघाताच्या केसेस नको असतील तर सहा महिने दुसऱ्या विभागात काम करू द्या. मार्क न कापता. आपल्याला आत्ता काय झेपणार नाही हे ओळखता येणं हे या धंद्यातलं मोठं कौशल्य आहे, त्याला शिक्षा कसली देता?

आणि आपल्यासाठीही. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्यासारखे, क्युबिकलमधले. आपल्यातल्या अनेकांच्या कंपनीत समुपदेशनाची सोय असते, आणि तिचं पोस्टर कॉफी मशीनच्या वर लावलेलं असतं, जिथे सगळ्यांच्या देखत नंबर टिपून घ्यायची कोणाची हिंमत नाही. घरी बसून करा फोन. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच आहे. आमच्या रायगडकरांना अलिबागचं जिल्हा रुग्णालय आहे.

गेल्या रविवारी आम्ही दोघं वडखळ नाक्यावर गेलो होतो. तिच्या यादीतली ती सातवी पायरी. काही करायचं नाही, फक्त उभं राहायचं, भीती उतरेपर्यंत. डंपर जात होते, एअर ब्रेक फुसफुसत होते. पहिल्यांदा तिने सांगितलं "ऐंशी". वीस मिनिटांनी "पासष्ट". एक मिनिडोरवाला तीन वेळा विचारून गेला, "ताई, पोयनाड? पोयनाड?" चाळीस मिनिटांनी "चाळीस". मग आम्ही वडापाव खाल्ला. मग तिने मला विचारलं, "आणि तुझे किती रे?"

मी सांगितले नाहीत. पण मोजले. कमी नव्हते. पुढच्या आठवड्यात मीही एक अपॉइंटमेंट घेतलीय.

तिची सेशन्स अजून संपलेली नाहीत. मिनिडोरमध्ये बसणं बाकी आहे. सुकट मात्र परवा मावशीने परतली तेव्हा ती ताटावरून उठली नाही. खाल्लीही नाही, पण उठली नाही. फॉर्म तिने भरला. त्या प्रश्नापुढे "हो" वर खूण केली आणि बाजूला लिहिलं, "सध्या चालू आहेत." सहा महिने अपघात विभागाऐवजी दुसरीकडे काम द्यावं अशी विनंतीही जोडली. उत्तर अजून आलेलं नाही. जे येईल ते इथे लिहीन.

तुमच्यापैकी कोणी मानसशास्त्र शिकवत असेल, शिकत असेल, तर तुमच्याकडे हे कसं चालतं ते नक्की सांगा. पटलं तर सांगा, नाही पटलं तर जास्त सांगा.